सुगीच्या दिवसांत डोळ्यात कुसळ गेले तर...

ज्वारीची खुडणी उरकते, मळणी यंत्र दाराशी येऊन धडधडू लागते आणि घरातल्या कुणालाच मान वर करायला सवड राहत नाही. नेमके अशाच वेळी कुणाच्या तरी डोळ्यात काही ना काही जाते. कधी कुसळ, कधी भुसकट, कधी उसाच्या पात्याची कड लागते, कधी पेंढी उचलताना भाताची लोंबी. धार काढताना किंवा बैल जुंपताना शेणाने माखलेल्या शेपटीचा फटका बसतो तो निराळाच. आपण डोळा चोळतो, पाण्याचे दोन हबके मारतो आणि पुन्हा कामाला लागतो. बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी डोळा आपोआप बराही होतो. म्हणूनच तर आपण निर्धास्त असतो.

पण एखादा डोळा बरा होत नाही. तो लाल होतो, ठणकतो, उजेडाकडे पाहवत नाही आणि चार-आठ दिवसांत काळ्या भागावर पांढरट ठिपका दिसू लागतो. गावात म्हणतात, 'डोळ्यात फूल पडले.' नाव किती सुंदर आणि गोष्ट किती वाईट! वाचकहो, हे फूल पडण्याआधी हातात किती वेळ असतो आणि त्या वेळात काय करायचे असते, तेवढेच आज नीट समजून घेऊ. डोळ्याच्या इतर रोगांबद्दल पुन्हा कधी तरी.

घड्याळाच्या तबकडीवर काच असते तसा आपल्या डोळ्याच्या काळ्या भागावर एक पारदर्शक पडदा असतो. आपण त्या सगळ्यालाच बुबुळ म्हणतो. डॉक्टर या पडद्याला कॉर्निया म्हणतात. मध्यभागी त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर, म्हणजे साधारण दोन पोस्टकार्डे एकावर एक ठेवावीत तेवढी. त्यात रक्तवाहिनी एकही नाही. रक्तवाहिन्या असत्या तर आरपार दिसलेच नसते. पण त्यामुळेच एक अडचण होते. हाताला काटा लागला तर रक्ताबरोबर जंतूंशी लढणाऱ्या पेशी ताबडतोब तेथे पोचतात. बुबुळाला ही कुमक उशिरा मिळते. सगळी भिस्त वरच्या पातळ कातडीवर. ती अखंड असेपर्यंत बहुतेक जंतूंना आत शिरता येत नाही. कुसळाने तिच्यावर ओरखडा काढला, की दार उघडले. साधा ओरखडा एक-दोन दिवसांत भरून येतो. तो भरण्याआधी घाण आत गेली तर जखम चिघळते. हाच बुबुळाचा अल्सर. अल्सर काही पोटातच होतो असे नाही.

आता ही घाण कसली, ते पाहा. शहरातल्या माणसाच्या डोळ्यात आणि तुमच्या-आमच्या डोळ्यात येथे मोठा फरक पडतो. तुमच्या डोळ्यात जाणारे कुसळ किंवा पाते शेतातून येते, आणि शेतातल्या पाल्यापाचोळ्यावर, मातीत, शेणात बुरशी असतेच असते. बुबुळ खाणाऱ्या बुरशींमध्ये आपल्या देशात दोन मुख्य आहेत. एक फ्युजेरियम. हे नाव शेतकऱ्याला नवे नाही. हरभऱ्याची नि तुरीची उभी झाडे वाळवणारा मर रोग याच कुळातल्या बुरशीमुळे होतो. दुसरी अ‍ॅस्परजिलस, म्हणजे ओलसर राहिलेल्या भुईमुगावर आणि मक्याच्या कणसावर येणाऱ्या बुरशीची भाऊबंद. शेतात पिकाचे नुकसान करणारी ही मंडळी ओरखड्यातून डोळ्यात शिरतात.

तमिळनाडूतील मदुराई हे डोळ्यांच्या उपचारासाठी नावाजलेले गाव. तेथे १९९४ साली तीन महिन्यांत बुबुळाचा अल्सर झालेले ४३४ रुग्ण तपासले गेले. त्यांतल्या सुमारे ६५ टक्के लोकांनी डोळ्याला आधी काही तरी लागल्याचे सांगितले, आणि ते लागणे बहुधा शेतकामातलेच होते. ज्यांच्या जखमेतला जंतू प्रयोगशाळेत वाढवता आला त्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत निघाली बुरशी. त्याच जिल्ह्यात १९९३ साली एक लाख लोकांमागे वर्षाला ११३ जणांना हा अल्सर होतो असा अंदाज निघाला होता. अमेरिकेतल्या एका भागात हेच प्रमाण लाखामागे ११ होते. म्हणजे दहापट फरक! आणि आपल्या देशात २०१५ ते २०१९ या काळात अंधत्वाची जी राष्ट्रीय पाहणी झाली तिच्यात पन्नाशीच्या आतल्या माणसांत आंधळेपणाचे पहिले कारण मोतीबिंदू नव्हते. बुबुळ पांढरे होणे हे होते. ऐन कमावत्या वयात गेलेली ही दृष्टी आहे.

अठरा तासांची गोष्ट

नेपाळात काठमांडूच्या खोऱ्यात भक्तपूर नावाचा भाग आहे. शेती करणारी, डोंगराळ मुलुखातली माणसे. तेथे १९९१ ते १९९३ अशी दोन वर्षे सुमारे ३५ हजार लोकांवर लक्ष ठेवण्यात आले. गावोगावच्या आरोग्य सेवकांना शिकवून ठेवले होते, की कुणाच्या डोळ्याला काही लागले तर रंगाची पट्टी लावून निळ्या उजेडात ओरखडा आहे का पाहायचे. असल्यास क्लोरॅमफेनिकॉलचे एक टक्क्याचे मलम दिवसातून तीनदा, तीन दिवस लावायचे. साधे, स्वस्त मलम. असे ओरखडे आलेली ४४२ माणसे आली. लागल्यापासून अठरा तासांच्या आत जे २८४ जण आले त्यांतल्या एकालाही अल्सर झाला नाही. अठरा ते चोवीस तासांनी आलेल्या १०९ जणांत चौघांना झाला. आणि जे दुसऱ्या दिवशी, म्हणजे चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांनी आले, त्या ४९ जणांत १४ जणांना झाला.

हे आकडे पुन्हा एकदा वाचा. शून्य, चार आणि चौदा. 'आज मळणी उरकू दे, उद्या तालुक्याला जाऊ' या एका वाक्याची किंमत त्यांत दिसते.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. पुढे नेपाळातच बऱ्याच मोठ्या प्रमाणावर हा प्रयोग पुन्हा झाला, तेव्हा मलम देणारे सेवक नेमलेल्या वस्त्यांत अल्सर कमी झाल्याचे आढळले नाही. तेव्हा मलमाची एक ट्यूब घरात आणून ठेवली म्हणजे झाले, असे कुणी समजू नये. ते मलम बुरशीवरचे औषध नव्हेच. ओरखडा आहे की नाही हे त्याच दिवशी कुणी तरी जाणत्याने पाहणे, हे त्यातले खरे काम.

डोळ्यात काही गेले, की पहिल्यांदा हात आवरा. चोळल्याने कुसळ आणखी रुतते. उकळून गार केलेल्या किंवा निदान पिण्याच्या स्वच्छ पाण्याने डोळा उघडा धरून धुवा. पाटाचे किंवा विहिरीच्या हौदाचे पाणी नको, त्यातही डोळ्याला घातक असे सूक्ष्म जीव असतात. धुऊन कण निघाला आणि तासा-दोन तासांत डोळा पूर्ववत झाला तर ठीक. सलत राहिले, पाणी येत राहिले किंवा कण काळ्या भागात रुतलेला दिसला, तर पदराच्या टोकाने, काडीने, सुईने तो टोकरू नका. काही गावांत जिभेने डोळ्यातला कचरा काढून देणारी एखादी वृद्ध बाई असते. तिचा हेतू चांगला असतो, ती पैसेही घेत नाही. पण माणसाच्या तोंडात असंख्य जंतू असतात आणि तेच उघड्या जखमेवर जातात. एरंडेल, मध, कांद्याचा रस, झाडपाल्याचा रस, बाळंतिणीचे दूध, यांतले काहीही डोळ्यात जाऊ देऊ नका. रागावून सांगत नाही. पूर्वी वैद्य-डॉक्टर वीस कोसांवर असत, तेव्हा माणसांनी हाताशी होते ते वापरले. आता तशी वेळ नाही.

चुना, रुईचा चीक किंवा फवारणीचे औषध डोळ्यात गेले तर मात्र नियम वेगळा. तेव्हा दवाखान्याकडे धावण्याआधी जागच्या जागी निदान अर्धा तास पाण्याची धार धरायची, चुन्याचे खडे पापण्यांआडून धुऊन काढायचे, आणि मग निघायचे.

दुकानातली बाटली

एवढे करूनही जखम चिघळली तर? किंवा आठवडा उलटून गेल्यावर हा लेख वाचण्यात आला तर? प्रथम ओळखावे कसे ते सांगतो, कारण पुष्कळ घरांत 'डोळे आलेत' म्हणून दिवस काढले जातात. डोळे येतात तेव्हा बहुधा दोन्ही येतात, चिपडे धरतात, पण चिपडे पुसले की दिसते पूर्वीसारखेच. अल्सरमध्ये बहुधा एकच डोळा, ठणका अधिक, उजेड सहन होत नाही, दिसणे कमी होते आणि काळ्या भागावर करडा किंवा पांढरा ठिपका दिसतो. कधी कधी त्या भागाच्या तळाशी पुवाची पांढरी रेघ साचते. यांतले एक जरी दिसले तरी तो डोळा आलेला नाही.

जंतूंचा अल्सर दांडगाईने येतो. दोन दिवसांत डोळ्याची दैना करतो. बुरशीचा अल्सर लबाड असतो. पहिले काही दिवस तो फारसा दुखतही नाही. याच दिवसांत घात होतो. माणूस औषधाच्या दुकानात जातो, 'डोळा लाल झालाय, काही तरी द्या' म्हणतो, आणि दुकानदार एक बाटली काढून देतो. त्या बाटलीत पुष्कळदा स्टेरॉईड मिसळलेले असते. स्टेरॉईडने लाली उतरते, ठणका कमी होतो, दोन दिवस मनुष्य खूश असतो. पण स्टेरॉईड शरीराची लढण्याची ताकदच दाबून टाकते, आणि आत बुरशीला मोकळे रान मिळते. आठवड्याने डॉक्टरांपुढे येतो तो डोळा पार खोलवर पोखरलेला. वरून पिकाला युरिया मारून हिरवे दिसावे आणि मुळाशी मर लागलेली असावी, तसाच हा प्रकार. विषाणूमुळे म्हणजे हर्पिसमुळे होणाऱ्या अल्सरमध्येही चुकीच्या वेळी हे थेंब घातले तर असेच घडते.

म्हणून बाटलीवरचे नाव कुणा शिकलेल्या मुलाकडून वाचून घ्या. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन अशी नावे असतील तर डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्याच डोळ्यासाठी लिहून दिल्याखेरीज एक थेंबही टाकू नये. आधी टाकला असेल तर तपासणीच्या वेळी ते सांगावे, बाटली बरोबर न्यावी. लाजण्याचे कारण नाही. ते कळले की डॉक्टरांचा अर्धा उलगडा होतो.

जायचे कोठे? डोळ्यांच्या डॉक्टरांकडेच. ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात चौकशी करा, जिल्हा रुग्णालयात नेत्र विभाग असतोच. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत, जसे पुण्याला ससून किंवा मुंबईला जे. जे., पुढच्या तपासण्या नि शस्त्रक्रियेचीही सोय असते. मोठ्या रुग्णालयात जाण्याचा सल्ला मिळाला तर तो टाळू नका.

तेथे जी एक तपासणी होते तिला घाबरून काही माणसे परत येतात, म्हणून ती समजावून सांगतो. डोळा बधिर करणारे थेंब टाकतात. मग मोठ्या दुर्बिणीसारख्या यंत्रातून पाहत जखमेच्या कडेवरून बारीक पात्याने थोडेसे खरवडून घेतात. दुखत नाही, पाते जवळ येताना दिसते म्हणून भीती वाटते एवढेच. ते खरवडलेले काचेवर पसरून त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला, की सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे थोड्या वेळातच दिसू शकतात. उरलेले जंतू वाढवण्यासाठी ठेवतात, त्याला काही दिवस लागतात. खरवडण्याचा आणखी एक फायदा असा, की औषध आत मुरायला मदत होते. बुरशी की जंतू हे नुसत्या डोळ्यांनी पाहून अनुभवी डॉक्टरांनाही नेहमी ओळखता येत नाही, आणि दोन्हींची औषधे अगदी निराळी. 'तपासणी कशाला, थेंब द्या' असा हट्ट म्हणूनच धरू नये.

बुरशी निघाली तर बहुधा नॅटामायसिन नावाचे पाच टक्क्यांचे थेंब देतात. या औषधाचा जन्म मोठा मौजेचा आहे. १९५०च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतील नाताळ प्रांताच्या मातीत एक सूक्ष्मजीव सापडला, तो हे औषध तयार करतो. मातीतल्या बुरशीवर मातीतलेच औषध! पुढे याहून नवे आणि महाग औषध आले, व्होरिकोनॅझोल. लोकांना वाटले नवे ते चांगले. तमिळनाडू-पाँडिचेरीतील रुग्णालयांत ३२३ रुग्णांवर दोन्हींची तुलना झाली, तिचा निकाल २०१३ साली प्रसिद्ध झाला. जुने नॅटामायसिनच सरस ठरले, विशेषतः फ्युजेरियमच्या बाबतीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली ते आवश्यक औषधांच्या यादीत घेतले. तालुक्याच्या प्रत्येक दुकानात ते मिळेलच असे नाही, तेव्हा रुग्णालयातून निघतानाच पुरेसे घेऊन या.

खरी कसोटी येथून पुढे, आणि ती रुग्णाइतकीच घरच्यांची. हे थेंब सुरुवातीला दर तासाला घालायचे असतात. जंतूंचा अल्सर असेल तर पहिले दोन दिवस रात्रीसुद्धा. सकाळ-संध्याकाळ एकेक थेंब टाकून हा रोग हटत नाही, कारण औषध अश्रूंबरोबर वाहून जाते. सुगीच्या घरात दर तासाला एका माणसाने हातातले काम टाकून, हात साबणाने धुऊन थेंब घालायचा, हे सोपे नाही. म्हणून काम वाटून घ्या. शाळेतल्या मुलाकडे मोबाईलचा गजर आणि वहीत खुणा करण्याचे काम द्या. पोरे हे चोख करतात. नॅटामायसिनची बाटली दर वेळी हलवून घ्यावी, औषध तळाशी बसते. दोन निरनिराळी औषधे असतील तर मध्ये पाच मिनिटे जाऊ द्यावीत. बाटलीचे टोक पापणीला टेकवू नये. डोळ्यात दह्याच्या कणांसारखा पांढरा थर साचतो, तो औषधाचाच. पू समजून घाबरू नका. बाहुली मोठी करणारे थेंबही देतात, त्याने अंधूक दिसते आणि उजेड जास्त लागतो; ठणका कमी करण्यासाठी ते लागतात. डोळ्यावर घट्ट पट्टी बांधू नये. पट्टीखालच्या उबेत रोग फोफावतो. काळा चष्मा पुरे.

मधुमेह असेल तर साखर तपासून ताब्यात आणली पाहिजे, नाही तर जखम भरत नाही.

किती दिवस? जंतूंचा अल्सर लवकर आटोक्यात येतो, बुरशीचा महिना-दीड महिना, कधी त्याहूनही अधिक घेतो. आठ-दहा दिवसांत ठणका थांबला की माणसाला वाटते, झाले बरे. येणे-जाणे परवडत नाही, औषध संपलेय, राहू दे. हे राहू देणेच नडते. बुरशी आतल्या थरात दबा धरून असते. डॉक्टर 'बंद करा' म्हणेपर्यंत थेंब चालू ठेवायचे आणि सांगितलेल्या तारखेला जायचे. घरातल्या बाईच्या बाबतीत तर हे मुद्दाम सांगावेसे वाटते. उफणणी, खुरपणी तीच करते, आणि तिचा डोळा दुखला तर 'चुलीच्या धुराने असेल' म्हणून सर्वांत उशिरा तिला नेले जाते. तिचे थेंब घालायला दर तासाला कोण उठते, हे ज्याने त्याने आपल्या घरात पाहावे.

मध्येच कधी डोळ्यातून एकदम कढत पाणी आल्यासारखे वाटले आणि दिसणे आणखी कमी झाले, तर बुबुळाला भोक पडले असण्याची शक्यता असते. डोळा दाबू नये, धुऊ नये, ताबडतोब रुग्णालय गाठावे. लहान भोक विशिष्ट गोंदाने बंद करता येते. मोठे असेल किंवा औषधाला रोग दाद देत नसेल, तर सडलेले बुबुळ काढून मृत माणसाचे दान मिळालेले बुबुळ शिवतात. ही शस्त्रक्रिया पुष्कळदा नजरेसाठी नव्हे, तर डोळा वाचवण्यासाठी असते. अल्सर बरा होऊन नुसते फूल राहिले असेल, तर मात्र डोळा पुरता शांत झाल्यावर दिसण्यासाठी बुबुळ बदलता येते. ते कधी आणि कितपत जमेल, हे डोळा पाहूनच ठरते.

बुबुळ बदलण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया ७ डिसेंबर १९०५ रोजी आजच्या चेक प्रजासत्ताकातील ओलोमोउत्स या गावी डॉ. एडुआर्ड झिर्म यांनी केली. तो रुग्णही आपल्यासारखाच कष्टकरी होता. चुन्याने दोन्ही डोळे भाजलेला मजूर. त्याच्या दोन्ही डोळ्यांवर शस्त्रक्रिया झाली, त्यांतला एक डोळा टिकला. आज ही शस्त्रक्रिया नवलाची राहिलेली नाही, पण बुबुळ कारखान्यात तयार होऊन येत नाही, कुणी तरी ते मागे ठेवून जावे लागते. त्यासाठी मृत्यूनंतर सहा तासांच्या आत नेत्रपेढीला कळवायचे, तोवर मृताच्या पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवायचा, डोक्याखाली उशी द्यायची आणि पंखा बंद करायचा. चष्मा होता, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली होती, वय झाले होते, यांतले काहीही आड येत नाही. फॉर्म आधी भरलेला नसला तरी घरच्यांची संमती चालते. नेत्रपेढीची माणसे घरी येतात, त्यांचे काम साधारण अर्ध्या तासात होते आणि चेहरा विद्रूप होत नाही.